पगार बंद, भांडण चालू

४ ऑक्टोबर २०१३. अलास्कातल्या अँकरेज शहराच्या हवामान कार्यालयाचा रोजचा अंदाज प्रसिद्ध झाला. वारे, दाब, पाऊस, सगळं नेहमीसारखं. पण एका जागी ओळींची पहिली इंग्रजी अक्षरं वरून खाली वाचत गेलं की एक वाक्य तयार होत होतं: ‘प्लीज पे अस’. आमचा पगार द्या हो! तीन दिवसांपूर्वी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचं केंद्र सरकार बंद पडलं होतं. हवामानाचा अंदाज लोकांच्या जिवाशी जोडलेला, म्हणून या मंडळींनी कामावर यायचंच होतं. पगाराचं नंतर बघू, असा हुकूम होता.

अमेरिकेतल्या ‘शटडाऊन’चे किस्से वाचायला चटकदार असतात. पांडा, बर्गर, बिअर, खेकडे, लग्नं, सगळं त्यात येतं. पण जवळजवळ प्रत्येक किश्शाच्या बुडाशी कुणाचा तरी अडकलेला पगार असतो. भांडणारे वेगळे आणि भोगणारे वेगळे, ही त्यातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट आहे.

बारा विधेयकं आणि एक तारीख

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी काँग्रेसनं खर्चाची बारा विधेयकं मंजूर करायची, असा शिरस्ता. ही पद्धत १९७०च्या दशकात बसली. तेव्हापासून आजवर फक्त चार वर्षं सगळी विधेयकं वेळेत झाली, आणि त्यातलं शेवटचं वर्ष १९९७, म्हणजे ते काम १९९६च्या सप्टेंबरात झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता तिशीच्या उंबरठ्यावर आहेत!

मग देश चालतो कसा? तात्पुरत्या मुदतवाढीवर. मागच्या वर्षीच्याच दरानं सहा आठवडे, तीन महिने, कधी वर्षभर खर्च करा, असा ठराव होतो. तोही झाला नाही की टाळं. सिनेटमध्ये साध्या बहुमतावर भागत नाही. चर्चा संपवून मतदान घ्यायलाच १०० पैकी ६० मतं लागतात, आणि आजकाल एका पक्षाकडे ६० जागा नसतातच. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष, प्रतिनिधिगृह आणि सिनेट तिन्ही एकाच पक्षाकडे असूनही सरकार बंद पडू शकतं. २०१८च्या जानेवारीत पडलं, २०२५च्या ऑक्टोबरातही पडलं.

एका वकिलाचं पत्र

अनेकांना वाटतं की शटडाऊन अमेरिकेच्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. तसं नाही. १९७०च्या दशकात खर्चाची मंजुरी दोन-अडीच आठवडे लांबली तरी कचेऱ्या चालूच राहायच्या. नवी खरेदी थांबवायची, प्रवास टाळायचा, आणि ‘होईल मंजूर’ म्हणून काम पुढे न्यायचं.

हे बदललं १९८०च्या एप्रिलमध्ये. जिमी कार्टर यांचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एकोणिसाव्या शतकातला एक कायदा काढून मत दिलं: मंजुरी नाही तर सरकारी खात्याला एक डॉलरही खर्च करता येणार नाही, काम बंद. लगेच १ मे १९८० ला फेडरल ट्रेड कमिशन एका दिवसासाठी बंद झालं. सुमारे १,६०० माणसं घरी. पुढच्या जानेवारीत सिव्हिलेटींनी दुसरं मत देऊन सवलत ठेवली, की माणसांचे जीव आणि मालमत्ता राखण्याचं काम चालू ठेवता येईल. आज कुणी घरी बसायचं आणि कुणी बिनपगारी राबायचं, ते अजून याच दोन मतांवर ठरतं. म्हातारपणी सिव्हिलेटी स्वतः म्हणाले होते की ही बंदी इतकी लांबेल आणि राजकीय डावपेचासाठी वापरली जाईल, अशी त्यांनी कल्पनाही केली नव्हती.

या कायद्याची एक बाजू ऐकून नवखा माणूस चक्रावतो. घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यानं ‘फुकट करतो, पण काम करू द्या’ म्हटलं तरी चालत नाही. स्वेच्छेनं, विनामोबदला सेवा देणंही बेकायदेशीर. कचेरीचा फोन उघडून ईमेल बघू नका, अशी तंबी मिळते.

विमानाचा मागचा दरवाजा, ओव्हल ऑफिसचा पुढचा

१९९५ हे या प्रकाराचं गाजलेलं वर्ष. बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष, न्यूट गिंग्रिच प्रतिनिधिगृहाचे सभापती. इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांच्या अंत्यविधीला दोघं एकाच विमानानं गेले. परतल्यावर गिंग्रिच पत्रकारांना म्हणाले, की प्रवासभर क्लिंटन बोलायला आले नाहीत, वर मला विमानाच्या मागच्या दारानं उतरवलं. आपण पाठवलेलं विधेयक जास्त कडक झालं त्याला हेही एक कारण. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’च्या पहिल्या पानावर लंगोट घातलेल्या, रडणाऱ्या गिंग्रिच यांचं भलंमोठं व्यंगचित्र! तोवर सुमारे ८ लाख माणसं घरी बसली होती. नोव्हेंबरचे पाच दिवस आणि मग डिसेंबर-जानेवारीचे २१ दिवस, अशा दोन फेऱ्या झाल्या.

त्याच नोव्हेंबरात व्हाइट हाउसचे पगारी कर्मचारी घरी असल्यानं बिनपगारी प्रशिक्षणार्थींकडे फोन उचलण्यापासून कागद पोचवण्यापर्यंतची कामं आली. त्यांतली एक होती मोनिका लुइन्स्की. क्लिंटन यांच्यावरच्या १९९८ सालच्या महाभियोगाची सुरुवात या बंदीतल्या दिवसांपर्यंत मागे जाते.

स्थलांतरितांवरून भांडण, आणि त्यांचीच कोर्टं बंद

आता मला ज्या विषयावर जरा जास्त थांबायचं आहे तो.

२० जानेवारी २०१८. डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी सरकार बंद पडलं. कारण ‘ड्रीमर्स’. लहानपणी आईबापांबरोबर बेकायदा अमेरिकेत आलेली, तिथेच वाढलेली सुमारे ७ लाख मुलं-मुली. ओबामांनी २०१२ मध्ये त्यांना दिलेलं संरक्षण ट्रम्प प्रशासनानं २०१७ मध्ये काढून घ्यायचं ठरवलं. डेमोक्रॅट म्हणाले, आधी यांचं बोला, मग खर्चाचं. तीन दिवसांत माघार झाली आणि ड्रीमर्स होते तिथेच राहिले.

वर्षाअखेरीस मोठा तडाखा आला. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांना ५.७ अब्ज डॉलर हवे होते. ११ डिसेंबर २०१८ ला ओव्हल ऑफिसात, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, डेमोक्रॅट नेते नॅन्सी पलोसी आणि चक शूमर यांच्याशी त्यांची जुंपली. सीमेच्या सुरक्षेसाठी सरकार बंद करायला मला अभिमानच वाटेल, असं ते तिथे बोलून गेले. २२ डिसेंबरला सरकार बंद झालं, ते ३५ दिवस.

त्या ३५ दिवसांत काय काय बंद होतं? स्थलांतरितांची कोर्टं. स्थानबद्ध नसलेल्यांच्या सगळ्या सुनावण्या रद्द. ११ जानेवारीपर्यंतच हा आकडा ४० हजारांवर गेला होता. तिथे आधीच ८ लाखांहून जास्त प्रकरणं तुंबलेली. म्हणजे ज्या माणसानं आश्रयाच्या अर्जासाठी तीन-चार वर्षं तारखेची वाट पाहिली, साक्षीदार जमवले, वकिलाला पैसे भरले, त्याची तारीख गेली आणि रांगेत पुन्हा मागे. ज्याला देशातून काढायचं असं सरकारचं म्हणणं होतं, त्याचाही निकाल लांबला. कुणाच्याच बाजूनं बघा, नुकसानच.

नोकरीवर घेताना माणूस कायदेशीर आहे का, हे तपासायची ‘ई-व्हेरिफाय’ ही सरकारी संगणक यंत्रणाही बंद. सीमेवर गस्त घालणारे जवान कामावर, पण बिनपगारी. तटरक्षक दल संरक्षण खात्याऐवजी गृहसुरक्षा खात्याखाली येतं, म्हणून त्यांचाही १५ जानेवारीचा पगार चुकला. अशा कारणानं अमेरिकेच्या सशस्त्र दलाचा पगार थांबण्याची ही पहिलीच वेळ. सीमा राखण्यासाठी चाललेल्या भांडणात सीमा राखणाऱ्यांच्याच घरी किराणा भरायची पंचाईत झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

भांडण मिटलं कसं? २५ जानेवारीला मोजके हवाई वाहतूक नियंत्रक आजारी म्हणून कामावर आले नाहीत. तेवढ्यानं न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर येणारी विमानं रोखावी लागली, आणि काही तासांत तडजोड झाली. भिंतीला मिळाले १.३७५ अब्ज. काँग्रेसच्या बजेट कार्यालयाच्या अंदाजानुसार अर्थव्यवस्थेचं नुकसान झालं ११ अब्ज, त्यातले ३ अब्ज कायमचे बुडाले. मागितले होते ५.७!

पिझ्झा, बर्गर आणि ‘लव्ह’ कायदा

त्याच जानेवारीतले हे तुकडे भराभर.

कॅनडाच्या हवाई वाहतूक नियंत्रकांनी सीमेपलीकडच्या बिनपगारी सहकाऱ्यांना पिझ्झे पाठवले. एडमंटनहून सुरुवात झाली आणि बघता बघता अमेरिकेतल्या कितीतरी केंद्रांवर डबे पोचले. या सगळ्या कहाणीतली ही माझी सर्वांत आवडती गोष्ट.

क्लेमसन विद्यापीठाचा फुटबॉल संघ विजेता म्हणून व्हाइट हाउसला आला. स्वयंपाकघरातली बहुतेक माणसं सक्तीच्या रजेवर. मग ट्रम्प यांनी स्वतःच्या पैशानं मॅकडॉनल्ड्स, वेंडीज, बर्गर किंगची बर्गर मागवली आणि ती चांदीच्या तबकांत, लिंकनच्या तसबिरीखाली मांडली गेली. तिथून थोड्याच अंतरावर, पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर शेफ होसे आंद्रेस यांनी पगार थकलेल्या सरकारी नोकरांसाठी मोफत जेवण सुरू केलं. ओळखपत्र दाखवा, गरम सूप आणि सँडविच घ्या.

वॉशिंग्टन शहरात लग्नं अडली. तिथलं विवाह परवान्याचं काम कोर्टाकडे आणि त्या कोर्टाचा पैसा केंद्राकडून. हॉल ठरलेले, पाहुणे निघालेले, परवाना देणारी खिडकी बंद. शेवटी नगर परिषदेनं तातडीचा कायदा करून महापौरांना परवाने देण्याचा अधिकार दिला. कायद्याचं नाव असं बेतलं की आद्याक्षरांचं व्हावं ‘लव्ह’.

स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बंद पडू नये म्हणून न्यूयॉर्क राज्यानं दिवसाला ६५ हजार डॉलर स्वतःच्या तिजोरीतून भरले. बोटीनं आलेल्या लाखो स्थलांतरितांना अमेरिकेत पहिल्यांदा दिसलेला तो पुतळा. तो राज्यानं उघडा ठेवला, हे फार चांगलं केलं.

२०१३च्या बंदीतलेही थोडे. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यावरून तेव्हा १६ दिवस कुलूप होतं. बंदीच्या आठवडाभर आधी रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ सिनेटमध्ये २१ तासांहून जास्त बोलत उभे राहिले आणि मध्येच घरी टीव्ही बघणाऱ्या आपल्या मुलींसाठी ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ हे बालपुस्तक वाचून दाखवलं. १ ऑक्टोबर हा ‘नासा’चा वाढदिवस; पंचावन्नाव्या वाढदिवशी ९७ टक्के कर्मचारी घरी. दुसऱ्या महायुद्धातल्या ऐंशी-नव्वदीच्या सैनिकांना त्यांच्याच स्मारकापुढे लोखंडी अडसर दिसले. ते बाजूला करून व्हीलचेअर आत गेल्या. राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात नुकतंच पांडाचं पिल्लू जन्मलं होतं, त्याच्यावरचा कॅमेरा बंद झाला. अलास्कात राजखेकड्यांचा हंगाम तोंडावर आलेला, बोटी तयार, पण कुणी किती पकडायचे ते ठरवून देणारे अधिकारी घरी. आणि बिअरच्या प्रत्येक नव्या लेबलाला केंद्राची मंजुरी लागते, ती देणारं खातं बंद असल्यानं छोट्या ब्रुअऱ्यांत नवी बिअर पिंपातच पडून राहिली.

राज्यंही मागे नाहीत. २०११ मध्ये मिनेसोटा राज्याचं सरकार २० दिवस बंद होतं. तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण अडल्यानं एका बड्या बिअर कंपनीचे ३९ ब्रँड दुकानांतून काढून घ्यायची वेळ आली होती. २०१७ मध्ये न्यू जर्सीत ४ जुलैच्या सुट्टीतच बजेट अडलं आणि सरकारी समुद्रकिनारे लोकांना बंद झाले. तिथल्या एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकारानं विमानातून फोटो काढले, तर रिकाम्या किनाऱ्यावर एकच कुटुंब खुर्च्या टाकून बसलेलं. राज्याचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी आणि घरची मंडळी! त्या दिवशी ‘ऊन घेतलंत का’ या प्रश्नाला त्यांनी ‘नाही’ म्हटलं होतं.

मग पगार कुणाचा चालू?

खासदारांचा. काँग्रेसच्या सभासदांचं वेतन दरवर्षीच्या खर्चाच्या विधेयकात येत नाही, ते कायमस्वरूपी मंजूर आहे. वर घटनेची सत्ताविसावी दुरुस्ती सांगते की चालू मुदतीत सभासदांचं वेतन बदलता येणार नाही. म्हणून काही सभासद बंदीच्या काळात पगार दान करतात किंवा रोखून ठेवायला सांगतात, पण ती त्यांची मर्जी.

या दुरुस्तीची गोष्ट भन्नाट आहे. तिचा प्रस्ताव १७८९ चा, राज्यांची पुरेशी संमती न मिळाल्यानं दोनशे वर्षं पडून होता. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्यानं निबंध लिहिला की हा प्रस्ताव अजून जिवंत आहे, आजही मंजूर होऊ शकतो. मिळाली ‘सी’ श्रेणी. पठ्ठ्यानं राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं लिहायला सुरुवात केली, आणि १९९२ मध्ये ती दुरुस्ती खरोखर घटनेत गेली! विद्यापीठानं श्रेणी बदलून ‘ए’ केली ती २०१७ मध्ये.

साध्या कर्मचाऱ्यांना २०१९च्या कायद्यानं निदान एवढं संरक्षण मिळालं की बंदी उठली की थकलेला पगार मिळणार. पण कंत्राटी सफाई कामगार, पहारेकरी, कॅन्टीनवाले यांना त्यात जागा नाही. त्यांचे बुडालेले दिवस ते बुडालेलेच. हा कायद्यातला उघड अन्याय आहे आणि तो लवकर दुरुस्त व्हायला हवा.

आपल्याकडे का होत नाही?

आपल्याकडे भांडणं काही कमी नाहीत, पण अर्थसंकल्पीय मागण्या लोकसभेत फेटाळल्या गेल्या तर सरकारलाच जावं लागतं. खर्च अडला आणि सरकार जागेवर, असं होत नाही. निवडणूक तोंडावर असली तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ११६ नुसार लेखानुदान घेतात, राज्यांसाठी तशीच वेगळी तरतूद आहे. २०२४च्या फेब्रुवारीत दिल्लीतही घेतलं आणि मुंबईत विधिमंडळातही. अमेरिकेत मात्र राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी, प्रतिनिधी दोन वर्षांसाठी, सिनेटर सहा वर्षांसाठी पक्के. पैसा अडवला म्हणून कुणाचीच खुर्ची जात नाही.

ऑस्ट्रेलियात १९७५ मध्ये सिनेटनं खर्च अडवला, तर ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरलनं पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनाच बडतर्फ केलं आणि दोन्ही सभागृहांची निवडणूक लावली. बेल्जियममध्ये तर २०१०-११ मध्ये ५४१ दिवस नवं सरकारच बनलं नाही. तरी आगगाड्या धावल्या, शिक्षकांना पगार मिळाले, कारण तिथे जुन्या बजेटचा बारावा हिस्सा महिन्याला खर्च करायची सोय आहे. सर्वाधिक दिवसांचा जागतिक विक्रम झाला म्हणून तरुणांनी चौकाचौकांत बटाट्याच्या फ्राइज वाटून निषेध केला होता.

हिंजवडीपर्यंत झळ

मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीचं व्हिसाचं काम बहुधा चालू राहतं, कारण ते अर्जदारांच्या फीवर चालतं. नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाची फाइल हाताळणारं खातंही फीवरचंच. पण त्या फाइलला आधी श्रम खात्याचा वेतनाबद्दलचा दाखला लागतो, आणि श्रम खातं चालतं काँग्रेसच्या पैशावर. २०१३ आणि २०२५ दोन्ही वेळा हे दाखले थांबले. पुण्यात हिंजवडीच्या कंपनीतून निघालेला अर्ज असो की न्यू जर्सीत नोकरी बदलणाऱ्या मराठी मुलीचा, कागद त्या एका टेबलापाशी अडला. इथे घर सोडण्याची नोटीस दिलेली असते, मुलांचा शाळेचा दाखला काढलेला असतो; त्या माणसांची त्या भांडणात काहीच चूक नसते. निवडून दिलेल्या ४३५ प्रतिनिधींत आता बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिलेले मिशिगनचे श्री ठाणेदारही आहेत, तेव्हा ही घालमेल तिथे मराठीत कळणारं कुणीतरी आहे.

४३ दिवस

२०१९ चा ३५ दिवसांचा विक्रम २०२५ मध्ये मोडला. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस. या वेळी मूळ मुद्दा होता आरोग्यविम्याचं वाढीव अनुदान वर्षाअखेर संपण्याचा. पण स्थलांतरितांचा विषय त्यातही आलाच. रिपब्लिकन म्हणत होते, डेमोक्रॅटना बेकायदा आलेल्यांवर उपचारांचा खर्च करायचा आहे. वास्तविक बेकायदा राहणाऱ्यांना ते अनुदान कायद्यानं आधीपासूनच मिळत नाही. वाद होता तो निर्वासित, आश्रय मिळालेले अशा कायदेशीर लोकांचा, ज्यांच्या सवलती जुलैतल्या नव्या कायद्यानं काढल्या होत्या. घोषणाबाजीत हा फरक पार झाकला गेला.

नोव्हेंबर उजाडला तशी सुमारे ४ कोटी २० लाख गरिबांची अन्नमदत अडकली. ७ नोव्हेंबरपासून ४० विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली.

याच काळात एका नव्या प्रतिनिधीची शपथही अडली: ॲरिझोनाच्या ॲडेलिटा ग्रिहाल्वा. वडिलांच्या निधनानं रिकाम्या झालेल्या, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या मतदारसंघातून त्या २३ सप्टेंबरला निवडून आल्या. त्यांचे आजोबा मेक्सिकोतून मजूर म्हणून आलेले. पण सभापती माइक जॉन्सन यांनी १९ सप्टेंबरनंतर प्रतिनिधिगृह भरवलंच नाही, आणि सभागृह भरल्याशिवाय शपथ नाही, असा त्यांचा पवित्रा. निवडून आलेल्या प्रतिनिधीला ना मत, ना मतदारांची कामं करायला नीट कचेरी. पन्नासाव्या दिवशी, १२ नोव्हेंबरला दुपारी, त्यांचा शपथविधी झाला. संध्याकाळी सरकार उघडण्याचं विधेयक मतदानाला आलं. विमा अनुदानाची हमी त्यात नव्हती म्हणून ग्रिहाल्वांनी पहिल्याच दिवशी विरोधात मत दिलं. विधेयक २२२ विरुद्ध २०९ मतांनी मंजूर झालं, रात्री ट्रम्प यांनी सही केली, आणि बहुतेक खात्यांना पैसे मिळाले ते ३० जानेवारीपर्यंतचे.